ताब्याची खुर्ची

१

कुणाचं घर कुणाकडे अडकलंय ते शोधून काढणं, हे माझं पोटापाण्याचं काम होतं. श्रीवर्धनला माझी वकिली होती. कोर्टात तावातावाने भांडायची नव्हे, घरकर्ज देणाऱ्या कंपन्यांसाठी सर्च रिपोर्ट करायची. कुणी कर्ज मागितलं की कंपनी मला कागद पाठवायची. मी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जुने-नवे दस्त चाळून त्या घरावर आधीचं गहाण आहे का ते बघायचे आणि खाली सही ठोकायचे. काम कंटाळवाणं होतं आणि मला मनापासून आवडायचं.

त्यातली गंमत मात्र मला रोज नव्याने वाटायची. नोंदवलेला दस्त कुणीही फी भरून बघू शकतो. पण गावात गहाण म्हणजे घरातली सगळ्यात झाकून ठेवायची गोष्ट. घर पाहायला गेले की दारातच बाई माझ्या कानाशी यायची. "मॅडम, शेजारनीनं इचारलं तर मोजनीला आलेत म्हनून सांगा हां." मी बिनदिक्कत सांगायचे. कर्जदाराची अब्रू राखायची म्हणजे थोडं खोटं बोलावं लागतं, यात मला कधी वावगं वाटलं नाही.

आमचं घर बोर्ली पंचतनपासून आत, बौद्धवाडीत. बाबा, म्हणजे बाळाराम गुरुजी, शाळामास्तर होते. घरात नवस नाही, अंगारेधुपारे नाहीत. मांजर आडवं गेलं तर बाबा म्हणायचे, "त्याला घाई असेल, जाऊ दे त्याला." आता बाबा नाहीत. घरात आई, धाकटा भाऊ संघर्ष आणि त्याची बायको सुचिता. संघर्ष मुंबईला कंपनीत, सुट्टीला येतो.

एवढ्या चिकित्सक घरातसुद्धा एक खूळ होतं. आमच्या घरात काही जन्मू द्यायचे नाहीत. कोंबडी खुडूक बसली की आई तिला अंड्यांसकट शेजारच्या ठमाबाईकडे नेऊन ठेवायची. शेळी व्यायला आली की दिघीला, आईच्या माहेरी. एकदा मांजरीने माळ्यावर पिल्लं घातली, तर आईने ती डोळे उघडायच्या आत टोपलीत घालून कुठे नेली देव जाणे. मी विचारलं की म्हणायची, "घान होते." मला ते पटायचं. आई स्वच्छतेच्या बाबतीत भयंकरच होती.

आणि एक मामा होता.

२

मामा वर्षातून एकदा, कार्तिकात यायचा. कायम दुपारी, जेवणं उरकून वाडी पेंगत असताना. तपकिरी कोट, काखेत मिटलेली छत्री. आई माळ्यावरून एक लाकडी घडीची खुर्ची काढायची. ती उघडताना अशी काही करकरायची की मी परड्यात असले तरी मला कळायचं, मामा आला. ती खुर्ची एरवी कुणी वापरायची नाही.

तो ओटीवर बसायचा. पाठ टेकायचा नाही. आईने दिलेलं पाणी तसंच राहायचं. मग उठून घरभर फिरायचा, प्रत्येक दाराच्या चौकटीवर तळहात टेकवायचा, आणि परत येऊन माझ्या डोक्यावर तोच हात ठेवून आईला विचारायचा,

"इंदू, ही कुठं झाली?"

"दिघीला," आई म्हणायची. "माज्या माहेरी."

दरवर्षी हेच. मला वाटायचं, विसरभोळा आहे बिचारा. मी मोठी झाले, कॉलेजला गेले, वकील झाले, तरी कार्तिकात घरी असले की तो विचारायचाच आणि आई सांगायचीच. मी हसायचे. मामा कधी म्हातारा होत नाही, हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही. म्हातारी माणसं आपल्याला पहिल्यापासून म्हातारीच दिसतात.

दिघीच्या माझ्या आजोळात तीन मावश्या आहेत. मामा एकही नाही. वकील झालेल्या बाईने हा प्रश्न स्वतःला एकदाही विचारू नये, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. पण वाडीतल्या निम्म्या लोकांना आपण काका-मामाच म्हणतो. कोण कुणाचा सख्खा, हे कोण विचारत बसतं?

३

यंदा सुचिताला दिवस गेले. नाजूक प्रकरण होतं. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं, प्रवास बंद केला, कळा केव्हाही येतील म्हणाले. त्यात तिला माहेर असं उरलेलं नाही. संघर्षला बाळाच्या आधी एक पक्की खोली आणि घराला लागून संडास-बाथरूम बांधून हवं होतं. त्याने घरकर्जाला अर्ज केला.

आपल्याच घराच्या रिपोर्टवर मी सही करणार नव्हते. ती माझी मैत्रीण करणार होती. पण दस्त शोधायला माझी कसली हरकत? गावठाणातलं घर, त्याला सातबारा नाही. म्हणून मी मागे मागे जात राहिले आणि अलिबागच्या जुन्या खंडांत जंजिरा संस्थानाच्या काळातला एक दस्त सापडला. माझ्या पणजोबांनी आमचं घर बोर्लीच्या शिवदास नावाच्या सावकाराकडे गहाण ठेवलं होतं. आणि ते सोडवल्याची नोंद कुठेच नव्हती.

मी चकित झाले, पण घाबरले नाही. ते ताबेगहाण होतं. म्हणजे घराचा ताबा सावकाराचा, आणि व्याजाऐवजी घराचं उत्पन्नही त्याचं. घरची माणसं त्याच्या परवानगीने राहायची. असं गहाण कितीही जुनं झालं तरी मरत नाही, हे मी परीक्षेला पाठ केलं होतं.

पुढे लिहिलं होतं:

गहाण घेणाऱ्याने वर्षातून एकदा, कार्तिकात, घरी येऊन बसावे आणि ताबा चालू ठेवावा. त्याच्यासाठी खुर्ची वेगळी ठेवावी. गहाण ठेवणाऱ्याचा गावात बोभाटा होऊ नये म्हणून घरच्यांनी त्यास मामा म्हणून ओळख द्यावी. आणि व्याजापोटी, सदर घरात व आवारात जे पिकेल आणि जे जन्मेल, ते गहाण घेणाऱ्याने न्यावे.

कार्यालयातला पंखा फिरत होता, पलीकडे कुणीतरी लग्ननोंदणीसाठी भांडत होतं. मी ते वाक्य परत वाचलं. नारळ, सुपारी, वासरू, करडू, असंच त्यांना म्हणायचं असणार. दुसरं काय असणार?

४

त्याच संध्याकाळी आईला गाठलं. ती तांदूळ निवडत होती. सुचिता मधल्या खोलीत झोपली होती.

"आई, मामा कोण आहे?"

तिचा हात थांबला. "कोनी सांगितलं तुला?"

"कागदाने."

आईने आधी मधल्या खोलीचं दार ओढून घेतलं. मग माझ्याकडे न बघता बोलत राहिली. ती लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला घरातल्या चार गोष्टी सांगितल्या होत्या, त्यातली ही एक. कार्तिकात मामा येईल. त्याला खुर्ची द्यायची. तो विचारील त्याचं उत्तर द्यायचं.

"आणि बाबांना चालायचं हे?"

"तुझं बाबा म्हनायचं, त्या सावकाराच्या घरातला कोन तरी येत असंल, मान मागायला. येऊ दे. आपलं काय नेतोय?" तिने सूप बाजूला ठेवलं. "मग तुझी ताई झाली."

"कुठली ताई?"

मला खरंच कळलं नव्हतं. मी घरातली थोरली. माझ्या आधी कुणी नव्हतं. जन्मापासून मला हेच माहीत होतं.

"पूर आलेला. वाट बंद. हितंच झाली. ठमाबाईनं नाळ कापली. चांगली होती गं, रडलीसुद्धा." आईचा आवाज अगदी साधा होता. "दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. कार्तिक नव्हता तरी आला. बसला. इचारलं, ही कुठं झाली? तुझी आजी कधी खोटं बोलायची न्हाय. ती बोलली, हितंच."

"मग?"

"मग काय. खुर्ची रिकामी झाली. पाळना पन."

मी ओरडले असेन, कारण मधून सुचिताने विचारलं, "ताई, काय झालं?" मी काही नाही म्हणाले. मला राग आला होता, आईचा, आजीचा, बाबांचा. कुणी पोलिसांत का गेलं नाही? कुणी शोधलं का नाही? ताप आला असेल, बाळ दगावलं असेल, कुणीतरी पळवलं असेल. काहीही शक्य होतं. फक्त हे नाही.

"म्हनून तुला दिघीला, संघर्षला हास्पिटलात," आई म्हणाली. "आता हिला कुठं न्यायची? डाक्टर हलवू देत न्हाय."

"घरात झालंच तर खोटं सांग. हॉस्पिटलात झालं म्हण."

"एक दिवस न्हाय सांगायचं, बाय. जन्मभर सांगायचं. घरातल्या सगळ्यांनी. एकदा पन चुकायचं न्हाय." तिने सूप परत मांडीवर घेतलं. "लय जड असतं ते."

५

माझ्यापुरता मी मार्ग काढला. भुतावर विश्वास ठेवायचा नाही, पण कागदावर ठेवायचा. कागदाने बांधलंय ना, मग कागदानेच सोडवू. सुचिताच्या कळांआधी गहाण सुटलं पाहिजे, बस्स.

शिवदासचा एकुलता वारस केतन, त्याचा पणतू. बोर्लीच्या बाजारात त्याचं रंगाचं आणि पाइपचं दुकान. हसतमुख माणूस. दस्ताची नक्कल बघून तो खुर्चीतून उठलाच.

"मॅडम, तुमच्या घरावर आमचं गहाण? आमच्यात कुणाला पत्ताच नाही! आपल्याला नको ते पाप. कुठे सही करायची बोला."

"तुमच्या घरातून कार्तिकात कुणी आमच्याकडे येतं का?"

"आमच्यात बाप्या म्हणाल तर मी एकटा. आणि मी कशाला येऊ? दुकान कोण बघणार?"

मी मान वर केली आणि तिथेच थिजले. गल्ल्याच्या वर, रंगांच्या डब्यांच्या मागे, एक जुना फोटो होता. तपकिरी पडलेला. कोट, काखेत छत्री, आणि खुर्चीत पाठ न टेकता बसलेला मामा.

"ते पणजोबा. शिवदास," केतन म्हणाला. "माझ्या आजोबांच्या लग्नाआधीच गेले. काय झालं? पाणी देऊ?"

मी पाणी प्यायले. घराण्याची चण असते, म्हटलं मनाशी. कुणीतरी लांबचा भाऊबंद तोच कोट चढवून येत असेल, त्याला या घराण्याचा चेहरा मिळाला असेल. हे सगळं मी स्वतःला समजावत होते आणि डोळे फोटोतल्या उजव्या हाताकडे होते. तळहात मांडीवर होता, बोटं पसरलेली, जशी तो आमच्या चौकटींवर पसरायचा.

घरी येऊन मी गहाण सोडल्याचा दस्त लिहायला बसले. आमच्या धंद्यात एक सवय असते. सोडण्याच्या दस्तात मूळ दस्ताचीच भाषा जशीच्या तशी उचलायची, म्हणजे पुढे कुणाला फट सापडत नाही. मला तर सुचिताच्या बाळापुढे भक्कम कुंपण हवं होतं. मागचं मागे, पुढचं आमचं. मी लिहिलं: आजतागायत सदर घरात व आवारात जे पिकले आणि जे जन्मले, त्यावर गहाण घेणाऱ्याचा हक्क राहील. आजनंतर जे पिकेल व जन्मेल, त्यावर त्याचा कोणताही हक्क नाही.

'आजतागायत' लिहिताना ताई आठवली. पण ती तर गेलीच होती. जे गेलं ते देऊन जे येणार आहे ते वाचत असेल, तर कुठला वकील नाही म्हणेल?

निबंधकांपुढे केतनने वाचून बघितलं आणि हसला. "आजपर्यंतचं आमचं? म्हणजे मॅडम, इतक्या वर्षांचे नारळ तुम्ही मला आणून देणार की काय?"

मीही हसले. त्याने सही केली, अंगठा लावला, फोटो काढला. दस्त नोंदला गेला.

६

दुपारी घरी आले. संघर्षला फोन केला, तो मुंबईहून आनंदाने ओरडला. त्याला फक्त कर्ज मंजूर होणार एवढंच माहीत होतं. सुचिता जेवून झोपली होती. कार्तिक अजून लांब होता. मी पहिल्यांदा माळ्यावर चढले, ती घडीची खुर्ची खाली आणली, दोरीने करकचून बांधली आणि मागच्या पडवीत लाकडांत टाकली. रविवारी संघर्ष आला की फोडून चुलीत घालू, असं ठरवलं.

स्वयंपाकघरात बसून आईला दस्त वाचून दाखवला. सगळा. माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटत होती. आईने पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. बाबा गेले तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती.

"सुटलो ना गं? खरंच सुटलो?"

"सुटलो, आई. नोंदवून आलेय. आता कुणाच्या बापाचं काही नाही."

"मग आता बोलू मी?" ती रडताना हसत होती. तिने माझे दोन्ही गाल धरले. "एवढी वर्सं छातीवर दगड ठेवला बाय. तुझ्या बापाला सांगितलं न्हाय, बहिनींना शपथ घातली. तू दिघीला न्हाय झालीस."

"म्हणजे?"

"हितं झालीस. ह्या चुलीपाशी. मी आनि ठमाबाई, दोघीच. तू रडायच्या आत तुला लुगड्यात गुंडाळलं आनि रातोरात शेतातून दिघीला पळवलं. जन्माचा दाखला पन तिकडचाच काढला."

क्षणभर मला फक्त नवल वाटलं. मी इथली! ह्या चुलीपाशची! आणि मग माझ्या हातातल्या कागदाकडे माझं लक्ष गेलं. आजतागायत. सदर घरात. जे जन्मले.

ते मीच लिहिलं होतं. माझ्याच अक्षरात मसुदा पडला होता.

"आई, गप्प बस," मी म्हणाले.

"आता कशाला गप्प? आता कोनाची भीती हाय? हितंच झाली माझी लेक, हितंच..."

"आई!"

ओटीवर काहीतरी करकरलं.

तो आवाज मी लहानपणापासून ओळखते. घडीची खुर्ची उघडतानाचा. मागच्या पडवीत मी स्वतः बांधलेली खुर्ची, ओटीवर. मी स्वतःला म्हटलं, सुचिता उठली असेल, दार वाजलं असेल. पण मधल्या खोलीतून तिच्या झोपेतल्या श्वासाचा आवाज येत होता, संथ, एकसारखा. बाहेर वाडी पेंगत होती. कोंबड्यासुद्धा गप्प होत्या.

कुणीतरी उठलं. ओटीच्या चौकटीवर हात टेकल्याचा आवाज आला, थाप नव्हे, नुसता टेकल्याचा. मग मधल्या खोलीच्या. तिथे पावलं थांबली. सुचिता, बाळ, माझ्या मनात तेवढंच होतं. मी उठून धावायला हवं होतं, आणि मी बसूनच होते.

पावलं पुढे निघाली. तो आत गेलाच नाही. तिथे त्याचं काही नव्हतं.

स्वयंपाकघराच्या चौकटीवर आधी बोटं दिसली, पसरलेली. मग तपकिरी बाही. आईने मला मागे ओढलं, स्वतः पुढे झाली आणि इतक्या वर्षांचं पाठ केलेलं उत्तर तिच्या तोंडून फुटलं, मोठमोठ्याने, परत परत.

"दिघीला! दिघीला झाली ती! माज्या माहेरी!"

पण या वेळी त्याने काही विचारलंच नव्हतं. तो आईच्या बाजूने वळसा घालून आला आणि त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला.